स्विफ्ट स्टुडंट चॅलेंजची एंट्री: कोऱ्या झिपपासून सबमिट बटणापर्यंत, क्रमाने

स्विफ्ट स्टुडंट चॅलेंज म्हणजे ॲपलच्या स्विफ्ट या प्रोग्रामिंग भाषेत छोटं ॲप बनवून पाठवायची स्पर्धा. दर वर्षी जानेवारी उजाडला की ज्युनिअर मुलामुलींचे मेसेज सुरू होतात, "जरा एंट्री बघून सांगा ना". बघायला घेतलं की आयडिया बहुतेक वेळा चांगलीच असते. बोंब दुसरीकडेच असते. फाइल उघडत नाही, उघडली तर नेट मागते, नेट दिलं तर पहिली दोन मिनिटं नुसती माहितीच वाचायची, आणि खरं काम सुरू होतं तोवर परीक्षकाची वेळ संपलेली. मेहनत बघून जीव तुटतो अक्षरशः. म्हणून हे नीट, क्रमाने लिहितोय.

माझं म्हणणं एकच आहे: ॲप आधी आणि सबमिशन शेवटी हा क्रम उलटा करा. फाइल समोरच्याकडे पोचते, उघडते, चालते हे पहिल्याच दिवशी पक्कं करून टाका, मग ॲप बनवायला घ्या.

ॲपलची ही स्पर्धा विद्यार्थ्यांसाठी आहे आणि एकट्याने करायची आहे, ग्रुप प्रोजेक्ट चालत नाही. एकूण 350 विजेते निवडतात, त्यातले 50 डिस्टिंग्विश्ड विनर म्हणजे विशेष विजेते, त्यांना क्युपर्टिनोला, अमेरिकेतल्या ॲपलच्या मुख्यालयात, बोलावतात. नियमांचे बारकावे वर्षागणिक थोडे बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं नियमांचं पान स्वतः उघडून वाचा, सिनियरने सांगितलेलं गेल्या वर्षीचं असू शकतं.

टप्पा 1: आपण नियमांत बसतो का, आणि कागद

वय किमान 13 पूर्ण हवं. शाळा-कॉलेजात प्रवेश घेतलेला हवा, किंवा बारावी होऊन सहा महिन्यांच्या आत असाल आणि पुढच्या ॲडमिशनची वाट बघत असाल तरी चालतं. फुल टाइम डेव्हलपरची नोकरी असेल तर नाही. शेवटच्या वर्षाला असताना जॉइन झालेल्यांनी हे नीट तपासा, इंटर्नशिप वेगळी आणि पूर्णवेळ नोकरी वेगळी.

ॲपल डेव्हलपर म्हणून रजिस्टर करावं लागतं, ते फुकट आहे. वर्षाला 99 डॉलरवाली मेंबरशिप एंट्रीसाठी लागत नाही. दर वर्षी कोणीतरी पैसे भरून बसतं आणि मग विचारतं, तर नका भरू. जिंकलात तर एक वर्षाची मेंबरशिप बक्षिसातच मिळते.

अकाउंट स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या वयाचं आणि तुमच्या हातात कायम राहील अशा ईमेलचं काढा. कॉलेजचा ईमेल नको, कारण पास आउट झालात की तो बंद होतो. दादाच्या किंवा बाबांच्या आयडीवरून तर अजिबात नको.

शिक्षणाचा पुरावा म्हणून बोनाफाईड जानेवारीतच काढून ठेवा, स्कॅन करून पीडीएफ करा. फेब्रुवारीत ऑफिसबाहेर परीक्षा फॉर्मची रांग असते आणि शिक्का मारणारे साहेब नेमके रजेवर असतात. 18 च्या आत असाल तर घरी आत्ताच सांगून ठेवा, पुढे पालकांची संमती लागू शकते.

टप्पा 2: तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहा

सबमिशनची खिडकी फेब्रुवारीत साधारण तीन आठवडे उघडी असते. 2024 ला 5 ते 25 फेब्रुवारी होती, 2025 ला 3 ते 23. डेडलाइन अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार रात्री 11:59 ची धरतात आणि फेब्रुवारीत ती वेळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारचे 1:29. 2025 ला तिकडे रविवारची रात्र होती आणि इकडे सोमवारची दुपार, कॉलेज चालू. काही जण एक दिवस आधीच "गेली संधी" म्हणून हातपाय गाळून बसतात, काही जण सोमवारी रात्री निवांत लॅपटॉप उघडतात. दोन्ही चूक.

बारावीची लेखी फेब्रुवारीतच सुरू होते आणि इंजिनिअरिंगवाल्यांना त्याच सुमारास युनिट टेस्ट, प्रोजेक्ट रिव्ह्यू काहीतरी असतंच. त्यामुळे खिडकी उघडल्यावर कोड लिहायला बसायचं हा प्लॅन आपल्याकडे चालत नाही. कोड जानेवारीअखेर संपवा, फेब्रुवारी टेस्टिंग आणि उत्तरांसाठी ठेवा.

टप्पा 3: मशीन ठरवा

दोन रस्ते आहेत. आयपॅड किंवा मॅकवर स्विफ्ट प्लेग्राउंड हे स्विफ्टमध्ये कोड लिहायचं ॲपलचं ॲप, नाहीतर मॅकवर एक्सकोड, म्हणजे ॲप बनवायचं ॲपलचं मोठं सॉफ्टवेअर. दोन्हीची किमान व्हर्जन त्या वर्षीच्या नियमांत दिलेली असते. विंडोज लॅपटॉपवर हे होत नाही, तिथे वेळ घालवू नका.

यासाठी कर्ज काढून मॅक घेऊ नका. आयपॅड असेल तर त्यावर सगळं होतं. नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये, एखाद्या मित्राकडे मॅक बघा. पण उसना मॅक जुना असेल तर आधी त्याची मॅकओएस कुठपर्यंत अपडेट होते ते बघा, कारण नवीन एक्सकोड जुन्या मॅकओएसवर बसतच नाही आणि हे मुलांना कळतं शेवटच्या आठवड्यात.

फॉर्ममध्ये सांगावं लागतं की तुमचं ॲप कशावर चालवून बघायचं. हा निर्णय आत्ताच घ्या कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. एक्सकोड निवडलंत तर ॲप सिम्युलेटरमध्ये, म्हणजे मॅकच्या स्क्रीनवरच्या नकली आयफोन-आयपॅडमध्ये, चालणार असं धरून चला. सिम्युलेटरला कॅमेरा नाही. म्हणजे ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, हाताच्या खुणा ओळखणं, फोटो काढून काहीतरी सांगणं, यातलं काहीही असेल तर स्विफ्ट प्लेग्राउंड आणि आयपॅड हाच रस्ता. आणि आयपॅडमध्ये फोनसारखं व्हायब्रेशन नसतं, त्यामुळे "बरोबर जोडलं की फोन थरथरतो" ही गंमत तुमच्या आयफोनवर कितीही भारी वाटली तरी परीक्षकाला ती जाणवणारच नाही.

टप्पा 4: कोरी झिप, पहिल्याच दिवशी

हा टप्पा सगळे वगळतात आणि सगळ्यात जास्त एंट्र्या इथेच मार खातात, म्हणून जरा सविस्तर.

लागते ती फाइल ॲप प्लेग्राउंड प्रकारची, जिच्या नावाच्या शेवटी डॉट स्विफ्टपीएम असतं. ती झिप करून अपलोड करायची आणि झिप 25 एमबीच्या आत बसली पाहिजे. नेहमीचा एक्सकोड प्रोजेक्ट, जो आपण यूट्यूब बघून बनवतो, तो हा नाही. एक्सकोडमध्ये नवीन प्रोजेक्ट करताना साधं ॲप न निवडता ॲप प्लेग्राउंडचा टेम्प्लेट निवडायचा. महिनाभर साध्या प्रोजेक्टवर काम करून मग शेवटी सगळ्या फाइली ओढून इकडे आणायच्या म्हटलं की इमेज सापडत नाहीत, फॉन्ट गायब होतात, परमिशन राहून जातात, आणि एका रात्रीत हे सगळं निस्तरत नाही.

तर पहिल्या दिवशी एवढंच करा. कोरा ॲप प्लेग्राउंड बनवा. स्क्रीनवर एक ओळ मजकूर, एक चित्र, एक आवाजाची छोटी फाइल टाका. चालवून बघा. मग फाइंडरमध्ये त्या फाइलवर राइट क्लिक करून कॉम्प्रेस करा. आयपॅडवर असाल तर प्लेग्राउंड फाइल्स ॲपमध्ये सेव्ह करून बोट दाबून धरा, कॉम्प्रेस येतं. ही झिप दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनवर पाठवा, तिथे उघडा, तिथे चालवा.

*तपासा: दुसऱ्या मशीनवर चित्र दिसलं का, आवाज आला का? दोन्हीला हो असेल तरच पुढे जा. हीच चाचणी दर रविवारी परत करायची, ॲप वाढत जाईल तशी.*

*सावध: झिप उघडून परत झिप करताना फोल्डरच्या आत फोल्डर होतो. झिप उघडल्यावर समोर सरळ ती एकच स्विफ्टपीएम फाइल दिसली पाहिजे.*

आणखी एक. मॅकवर ती एक फाइल दिसते पण खरं तर ते एक फोल्डर आहे. राइट क्लिक करून शो पॅकेज कंटेंट्स केलं की आत काय आहे ते दिसतं, आणि कमांड, शिफ्ट आणि टिंब एकत्र दाबलं की लपलेली फोल्डरंही दिसतात. तिथे डॉट गिट किंवा डॉट बिल्ड नावाचं काही पडलेलं असेल तर तेही झिपमध्ये जातं. ॲप 6 एमबीचं आणि झिप 40 ची, असं झालं की समजायचं आत हेच बसलंय. गिट (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) वापरत असाल तर त्याचा रेपो बाहेरच्या फोल्डरला करा, स्विफ्टपीएमच्या आत नको. सबमिट करायची ती कॉपी वेगळी काढा आणि तिच्यातून ही फोल्डरं उडवा.

टप्पा 5: आयडिया कापा

नियम सांगतो की ॲपचा अनुभव तीन मिनिटांत घेता आला पाहिजे. तीन मिनिटं म्हणजे किती कमी असतात हे घड्याळ लावल्याशिवाय कळत नाही.

जे नेहमी येतं ते म्हणजे "शेतकऱ्यांसाठी ॲप, त्यात हवामान, बाजारभाव, रोग ओळखणं, कर्जाची माहिती आणि चॅटबॉट". ही कंपनीची यादी झाली. शिवाय हवामान आणि बाजारभाव नेटशिवाय येत नाहीत, ते पुढे बघूच. यातली एकच गोष्ट घ्या, ती तुमच्या माहितीतली हवी आणि हाताने करून बघण्यासारखी हवी.

एक उदाहरण धरून पुढे जाऊ, ठिपक्यांची रांगोळी. परीक्षकाने ठिपके जोडायचे आणि त्याला समजायचं की सममित आकृती कशी तयार होते. मांडणी 7 ते 4 ची, म्हणजे मधली ओळ 7 ठिपक्यांची, वर आणि खाली 6, 5, 4 अशा उतरत्या ओळी, एकूण 37 ठिपके. ही मांडणी षटकोनी बसते, त्यामुळे एका भागात ओढलेली रेघ केंद्राभोवती 60 अंशांनी फिरवत गेलं की सहा वेळा उमटते. स्विफ्टयूआय या ॲपची स्क्रीन बनवायच्या ॲपलच्या साधनात कॅनव्हास म्हणून चित्र काढायची जागा असते, तिच्यात एकच पाथ म्हणजे रेघ काढायची आणि ती सहा वेळा फिरवून रंगवायची, कोड फार नाही पण बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर एका रेघेचं फूल होतं. मला अशा आयडिया फार आवडतात, कारण घरच्या अंगणातल्या गोष्टीत गणित आधीपासून आहे आणि मुलांना ते दाखवायला लांब कुठे जावं लागत नाही.

आता यातून काय कापायचं ते बघा. रांगोळ्यांची गॅलरी नको, शेअर बटण नको, लॉगिन नको, सेटिंग पान नको, दिवाळी थीम नको. ॲप एवढंच: एक रांगोळी बोट धरून शिकवली, एक मोकळी काढू दिली.

ॲपमधला सगळा मजकूर इंग्रजीत हवा असतो, ही अट आहे. विषय आपला असायला काहीच हरकत नाही, पण बघणाऱ्याने आयुष्यात रांगोळी बघितलेली नाही असं धरून दोन साध्या वाक्यांत सांगा: दारात पिठाने किंवा रंगाने काढतात, रोज सकाळी नवी. संस्कृतीचं महत्त्व वगैरे परिच्छेद नको.

टप्पा 6: तीन मिनिटांची स्क्रिप्ट कागदावर

कोड लिहायच्या आधी हे करा. कागदावर सेकंद लिहा आणि समोर परीक्षक काय *करतो* ते लिहा, काय वाचतो ते नाही. रांगोळीचं असं होईल:

पहिली 15 सेकंद: दोन वाक्यं आणि एक बटण. 15 ते 60: ॲप सांगतं तसे चार ठिपके जोडायचे, पहिली रेघ ओढल्याबरोबर सहा रेघा उमटतात, हा क्षण पहिल्या अर्ध्या मिनिटात आलाच पाहिजे. 60 ते 120: स्वतःची रांगोळी. 120 ते 150: रंग भरणं आणि पूर्ण झालेली आकृती. उरलेली 30 सेकंद मोकळी, कारण माणूस अडखळतो.

तुमच्या ॲपमधली सगळ्यात भारी गोष्ट चौथ्या लेव्हलला असेल तर ती पहिल्या लेव्हलला आणा. गेम बनवणाऱ्यांची ही हमखास चूक, पहिल्या दोन लेव्हल इतक्या सोप्या आणि लांब की खरं कौशल्य कोणी बघतच नाही. आणि उलटं म्हणजे गेम इतका अवघड की परीक्षक पहिल्याच लेव्हलला तीनदा हरतो. प्रत्येक पायरीला पुढे जायचं बटण द्या, कोणी अडकून पडता कामा नये.

*तपासा: घरातल्या अशा माणसाच्या हातात द्या ज्याला यातलं काही माहीत नाही. तुम्ही गप्प बसा, अजिबात बोट दाखवायचं नाही. स्टॉपवॉच लावा. कुठे थांबले, कुठे चुकीच्या जागी दाबलं, फक्त लिहून घ्या.*

आई किंवा आजी यासाठी उत्तम. मित्र नको, तो तुमच्या ॲपबद्दल आठवडाभर ऐकून असतो.

टप्पा 7: कोड, आणि जिथे हमखास घात होतो

स्विफ्टयूआय कसं शिकायचं हे इथे सांगत नाही, त्याला भरपूर साहित्य आहे. फक्त या स्पर्धेत जिथे पाय घसरतो तेवढं सांगतो.

नेट. ॲप नेटवर अवलंबून नसावं, जे लागतं ते सगळं फाइलच्या आतच असावं. फायरबेससारखा ऑनलाइन डेटाबेस, बाहेरच्या सर्व्हरकडून माहिती आणणारी कुठलीही एपीआय, ऑनलाइन एआय, वेबवरून येणारी चित्रं, सगळं बाद. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की ॲपलचा स्वतःचा नकाशाही नेटवरूनच येतो, ऑफलाइन असलात तर नुसती रिकामी जाळी दिसते. आणि बाहेरचं स्विफ्ट पॅकेज, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, जोडलंत तर ते पॅकेज फाइल उघडताना नेटवरून उतरवलं जातं, म्हणजे तुमच्या मशीनवर सगळं सुरळीत आणि दुसरीकडे बिल्डच होत नाही. शक्यतो पॅकेज न वापरता करा. एखादी ओपन सोर्स गोष्ट लागलीच तर लायसन्स बघून तिचा सोर्स आत टाका, श्रेय द्या आणि ती का लागली ते लिहा.

मशीन लर्निंग मॉडेल. साध्या एक्सकोड प्रोजेक्टमध्ये मॉडेलची फाइल टाकली की बाकीचं एक्सकोड बघतं. ॲप प्लेग्राउंडमध्ये तसं होत नाही, मॉडेल आधी मॅकवर कम्पाइल करून तो कम्पाइल झालेला फोल्डर रिसोर्स म्हणून टाकावा लागतो आणि कोडमधून त्याचा पत्ता देऊन लोड करावं लागतं. मॉडेलची साइजही बघा, 25 एमबीतली 20 तेच खाऊन बसलं तर बाकी काय टाकणार.

परमिशन. कॅमेरा, माइक वापरत असाल तर ॲप प्लेग्राउंडच्या सेटिंगमध्ये कॅपेबिलिटी जोडून कारणाचं वाक्य लिहावं लागतं. राहिलं तर ॲप कॅमेऱ्याजवळ जाताच क्रॅश. परीक्षकाने परमिशन नाकारली तर काय दिसेल तेही बघा, काळी स्क्रीन दिसता कामा नये.

फॉन्ट. वेगळा फॉन्ट नुसता फाइलमध्ये टाकून लागत नाही, ॲप सुरू होताना कोडमधून रजिस्टर करावा लागतो. खरं सांगायचं तर सिस्टिमचा फॉन्ट छान आहे, सोडून द्या.

स्क्रीनची साइज. आकडे ठोकून फ्रेम लिहिली की तुमच्या 11 इंची आयपॅडवर बरोबर आणि 13 इंचीवर अर्धी स्क्रीन रिकामी. आडवं-उभं दोन्ही फिरवून बघा, एकच दिशा चालत असेल तर ती सेटिंगमध्ये लॉक करा. डार्क मोड चालू करून बघा. पांढऱ्यावर पांढरी अक्षरं ही चूक इतकी सरसकट होते की बाकी काही नाही तर एवढं तरी बघाच.

आवाज. परीक्षकाच्या आयपॅडचा आवाज बंद असू शकतो. ज्या सूचना आवाजात आहेत त्या मजकुरातही द्या.

गाणी, चित्रं. सिनेमाचं गाणं नाही, गूगलवरून उचललेलं चित्र नाही. स्वतः काढा, स्वतः रेकॉर्ड करा, नाहीतर मुक्त परवान्याचं घ्या आणि श्रेय द्या. रांगोळीच्या ॲपला मागे सनई हवी असेल तर गल्लीतल्या वाजवणाऱ्याला विचारून त्याच्याकडून अर्धा मिनिट रेकॉर्ड करून आणा, उत्तरात लिहायलाही ती खरी गोष्ट होते.

आणि ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे दिव्यांगांनाही ॲप वापरता येणं, जी शेवटी "वेळ उरला तर" म्हणून ढकलली जाते. कॅनव्हासवर काढलेलं व्हॉइसओव्हरला (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी ॲपलची सोय) आपोआप दिसत नाही, त्याच्या दृष्टीने तो एक कोरा चौकोन असतो. तर प्रत्येक ठिपक्यासाठी वेगळा ॲक्सेसिबिलिटी घटक द्या आणि त्याला "तिसरी ओळ, चौथा ठिपका" अशा अर्थाचं इंग्रजी लेबल द्या. मग व्हॉइसओव्हर चालू करा, डोळे मिटा आणि स्वतः एक रेघ काढून बघा. ती निघाली तर तुमच्या उत्तरात लिहायला जे मिळेल ते नुसतं "आम्ही ॲक्सेसिबिलिटीचा विचार केला आहे" याच्यापेक्षा कितीतरी जड असेल. मला वाटतं प्रत्येकाने हे करावं, स्पर्धा असो नसो.

टप्पा 8: परक्या डोळ्यांनी चाचणी

तुमचं मशीन तुमच्याशी खोटं बोलतं. त्यावर आधीचा डेटा सेव्ह असतो, परमिशन आधीच दिलेली असते, ओळख करून देणारी पहिली स्क्रीन एकदा बघून झाली म्हणून परत येतच नाही. परीक्षक मात्र ॲप पहिल्यांदाच उघडणार. म्हणून ॲप पूर्ण डिलीट करून, किंवा ज्या मशीनवर ते कधीच चाललं नाही तिथे, या क्रमाने बघा:

1. झिप नवीन जागी उतरवा आणि उघडा. जुन्या फोल्डरमधली फाइल नको, झिपमधलीच.
2. वायफाय बंद, एअरप्लेन मोड चालू.
3. फॉर्ममध्ये जे निवडणार आहात त्यातच चालवा. एक्सकोडमध्ये चाललं म्हणजे स्विफ्ट प्लेग्राउंडमध्ये चालेलच असं नाही.
4. घड्याळ लावून शेवटपर्यंत जा.
5. परत सुरुवातीपासून जा आणि या वेळी मुद्दाम वेड्यासारखं वागा: दोनदा दाबा, मध्येच मागे या, स्क्रीन फिरवा, कडेला बोट ओढा.

*सावध: शेवटच्या दिवशी "एवढं एकच बदलतो" म्हणून रंग बदलला तरी हे पाचही परत करायचे. वेळ नसेल तर तो रंग राहू द्या.*

चालतेय ती प्रत्येक झिप तारीख टाकून ठेवत जा, ड्राइव्हवर एक, पेनड्राइव्हवर एक. फायनल, फायनल नवीन, फायनल खरंच फायनल अशी नावं नकोत, त्यातूनच चुकीची फाइल अपलोड होते.

टप्पा 9: लेखी उत्तरं

फॉर्ममध्ये प्रश्न असतात आणि उत्तरांना शब्दमर्यादा असते: कोणता प्रश्न सोडवताय, कोणासाठी, कोणतं तंत्रज्ञान का वापरलं, कोडिंगच्या बाहेर किंवा समाजासाठी काय केलं, या धर्तीचे. ही उत्तरं निवडीत मोजली जातात. पोरं ती शेवटच्या रात्री दीडपर्यंत जागून लिहितात आणि ते दिसतं.

जे चालत नाही ते आधी. "मला लहानपणापासून कोडिंगची आवड आहे." "हे ॲप समाजात क्रांती घडवेल." फ्रेमवर्कांची नुसती यादी. आणि चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेला गुळगुळीत मजकूर, ज्यात तुम्ही कुठेच नसता.

चालतं ते असं, नाव असलेली माणसं नाही पण खरी माणसं: आजीच्या गुडघ्यांमुळे तिला आता खाली बसून रांगोळी काढता येत नाही आणि तिच्या वहीतल्या आकृत्या घरात दुसऱ्या कोणाला येत नाहीत, म्हणून हे बनवलं. कॅनव्हास घेतला कारण प्रत्येक रेघेसाठी वेगळा व्ह्यू म्हणजे स्क्रीनवरचा स्वतंत्र घटक केला तर शेकडो रेघांनंतर ॲप अडखळायला लागतं. पहिल्यांदा आरशासारखं एकच प्रतिबिंब करून बघितलं, पण त्याने एका रेघेच्या दोनच रेघा होत होत्या म्हणून फिरवण्यावर आलो. यातलं प्रत्येक वाक्य फक्त ज्याने काम केलंय तोच लिहू शकतो. (उदाहरण म्हणून दिलंय, आजी आणि गुडघे उचलू नका, तुमचं लिहा.)

इंग्रजीची भीती वाटत असेल तर आधी मित्राला मराठीत तोंडी सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग ते ऐकून छोट्या छोट्या वाक्यांत इंग्रजीत लिहा. साधं इंग्रजी चालतं. व्याकरण कोणाकडून तपासून घेतलंत तर हरकत नाही, पण विचार दुसऱ्याचे नकोत.

काम करतानाच एक वही ठेवा: काय अडलं, काय बदललं, कोणता कोड कुठून घेतला, एआयची मदत कुठे घेतली. फॉर्ममध्ये विचारलं तर खरं आणि नेमकं सांगता येतं, आणि उत्तरं लिहायला अर्धा माल तयार असतो.

टप्पा 10: सबमिट

शेवटच्या तारखेच्या निदान तीन दिवस आधी. खिडकी उघडल्याच्या पहिल्याच दिवशी फॉर्म उघडून प्रश्न कॉपी करून घ्या, उत्तरं बाहेर लिहा, शब्द मोजा, मग पेस्ट करा. थेट फॉर्ममध्ये लिहायला बसू नका, लाइट गेली की गेलं.

अपलोड करायच्या आधी: झिप 25 एमबीच्या आत, बोनाफाईडची पीडीएफ वाचता येतेय, नाव सगळीकडे सारखं. आपल्याकडे कॉलेजच्या कागदावर आडनाव आधी आणि अकाउंटवर नाव आधी असं होतं, ते एकदा नजरेखालून घाला. कशावर चालवायचं याच्यासमोरचा पर्याय परत एकदा वाचा, टप्पा 3 मध्ये ठरवलेलाच हवा. सबमिट दाबल्यावर बदलता येईल असं गृहीत धरू नका.

*तपासा: कन्फर्मेशन आलं का? स्क्रीनशॉट घ्या. ईमेलचं स्पॅमही बघा.*

मोबाइल डेटावर अपलोड करायचं असेल तर रेंज असलेल्या ठिकाणी बसून करा, एसटीत किंवा लोकलमध्ये नको.

टप्पा 11: निकालापर्यंत आणि नंतर

निकाल साधारण मार्चअखेर येतो. तोवर ते ईमेल अकाउंट अधूनमधून उघडत राहा, निवड झाली तर पुढची माहिती तिथेच येते आणि उत्तर द्यायला मुदत असते. पासपोर्ट नसेल तर या काळात अर्ज टाकून द्या, 50 मध्ये नाव आलं तर जूनच्या आत व्हिसाचंही बघावं लागतं आणि तेव्हा पासपोर्टपासून सुरुवात करायला वेळ पुरत नाही.

निवड नाही झाली तरी फाइल टाकून देऊ नका. आता तीन मिनिटांची, इंग्रजीची, ऑफलाइनची, कशाचीच अट नाही. आधी मराठी करा, आजीची वही पूर्ण टाका, कापलेली गॅलरी परत आणा. स्विफ्ट प्लेग्राउंडमधून ॲप सरळ ॲप स्टोअरसाठी अपलोड करता येतं, त्याला मात्र ती 99 डॉलरवाली मेंबरशिप लागते. आणि पुढच्या फेब्रुवारीसाठी नवीन आयडिया घेतलीत की परत टप्पा 4 पासून, कोऱ्या झिपने.